मुकं म्हणून परत

मुकं म्हणून परत आणलेलं यंत्र दुकानदाराने काउंटरच्या काचेवर ठेवलं, त्याच्या पोटावरचं बटण अंगठ्याने दाबलं, आणि ते असं किंचाळलं की शेजारी बल्ब निवडत असलेल्या म्हातारबाईंनी हातातला बल्ब छातीशी धरला. दुकानदाराने अंगठा काढला. माझ्याकडे बघितलं. मग माझी खात्री पटावी म्हणून पुन्हा एकदा दाबलं. माझ्या कानात बारीक सुई राहिली. मी घरून भांडण पाठ करून आले होते. एकदा मुकं निघालं तर समजू शकते, दुसऱ्यांदाही मुकंच, म्हणजे तुम्ही तपासून विकत नाही, हे पहिलं वाक्य होतं आणि पुढची वाक्यं चढत्या क्रमाने रचलेली होती. त्यातलं एकही वापरता आलं नाही. दुकानदार मात्र रागावला नव्हता, तो बुचकळ्यात पडला होता. त्याने सांगितलं की पहिलं यंत्र बाबांनी परत आणून दिलं तेव्हा त्याने ते वाजवूनही न बघता बदलून दिलं होतं. संध्याकाळी दुकान आवरताना सहज बटण दाबलं तर ते वाजलं. सेल सैल बसला असेल, रस्त्यात हलून नीट झाला असेल, अशी त्याने स्वतःची समजूत घातली. "तुमच्या बाबांचा कान आहे तो, ताई," तो म्हणाला. "त्याच्यावर कोण संशय घेणार?"

कोणीच नाही. मीही घेतला नव्हता, आणि माझा तर धंदाच संशय घेण्याचा आहे, मी वजनं तपासते. बाबा पियानोचे सूर जुळवतात. जन्मभर तेच केलं, आणि अजूनही संगीतशाळेचे सगळे पियानो त्यांच्याकडेच आहेत. आमच्या घरात कुठली वस्तू केव्हा बिघडणार हे त्यांचा कान आधी सांगायचा. जेवताजेवता हात थांबवून ते म्हणायचे, फ्रिज उतरला. आम्हाला काही फरक कळायचा नाही. आठवड्याभरात फ्रिज बंद पडायचा. आई चमच्याने पातेल्याचा काठ वाजवून म्हणायची, सांगा, आणि ते पातेल्याचा सूर सांगायचे, वर त्यात पाणी किती आहे तेही सांगायचे. आईला याचं कौतुक होतं आणि जाचही होता. तिला घरात गुणगुणायची चोरी होती. मी दोन ताटं वाढते, ती म्हणायची, एक यांचं आणि एक यांच्या कानाचं, आणि कानाचे नखरे जास्त. तर अशा घरात बाबांनी एखादी वस्तू वाजत नाही म्हटलं की ती वाजत नसे. घंटा वाजली की नाही याचा वाद बाबांना विचारून मिटे. त्यामुळे ते यंत्र घेऊन आले, खोलीत जाऊन त्यांनी बटण दाबलं, बाहेर येऊन "मुकं आहे" म्हणाले, तेव्हा आमच्यापैकी कोणालाही बटण दाबून बघावंसं वाटलं नाही. दोनदा वाटलं नाही. तापमापक हातात असताना कपाळाला हात लावून बघायची कोणाला गरज वाटते?

यंत्र हवं होतं त्यांच्याच खोलीसाठी. आमच्या घराच्या मागच्या अंगाला त्यांची कामाची खोली आहे. दुरुस्तीला आलेले पियानोचे हातोडे, तारांची वेटोळी, एक जुना उभा पियानो, आणि दुपारी जेवल्यावर आडवं व्हायला एक खाट. भिंतीत गॅसचा हीटर आहे, कारण गारठलेल्या बोटांनी खुंटी नेमकी फिरत नाही. थंडी सुरू होण्याआधी हीटर साफ करणारा माणूस आला तेव्हा त्याने ज्योत बघून जीभ टाळ्याला लावली. निळी हवी ती पिवळट होती. ती त्याने नीट करून दिली, पण मग तो खोलीभर फिरला आणि खिडकीच्या फटीतून बोट फिरवत मला बोलावलं. प्रत्येक फटीत लोकर कोंबलेली होती. पियानोच्या हातोड्यांना जी घट्ट लोकर लावतात तिचीच कापलेली टोकं. दाराच्या चौकटीला, खिडक्यांना, आणि वरच्या झरोक्यालासुद्धा, इतकी सफाईने की रंगाचाच भाग वाटावी. बाबांना विचारलं तर ते म्हणाले, रस्ता फार बोलतो हल्ली, वरचे सूर ऐकू देत नाही. हीटरवाला कामापुरतं बोलणारा होता. तो म्हणाला की ही खोली नाही, बरणी आहे. झरोका उघडा, विषारी वायू साठला की ओरडणारं यंत्र बसवा, तोवर हे पेटवायचं नाही. झरोका आम्ही त्याच्यासमोर उघडला. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा बुजलेला होता.

कार्बन मोनॉक्साइडबद्दल मी बाबांना शाळेतल्या मुलाला सांगावं तसं सांगितलं होतं. जळायला पुरेशी हवा नसली की हा वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. आपल्या रक्तातल्या ज्या कणांनी प्राणवायू वाहून न्यायचा, ते कण प्राणवायू सोडून याच्याच गळ्यात पडतात आणि सुटता सुटत नाहीत. माणसाला वाटतं, जरा डोकं जड झालंय, पडावं थोडं. बाबांनी सगळं लक्ष देऊन ऐकलं आणि विचारलं, त्याचा आवाज येतो का? नाही म्हटल्यावर त्यांचा त्या वायूबद्दलचा आदर कमी झाला. गेले काही दिवस ते दोन स्वेटर आणि कानटोपी घालून कामाला बसत होते, आणि जाता-येता ऐकवत होते की मुकी यंत्रं विकणाऱ्यांच्या नादी लागून आपण माणसाला गारठवून मारतोय. आज सकाळी त्यांनी जाहीर केलं होतं की दुपारपर्यंत बोलकं यंत्र आलं नाही तर ते हीटर पेटवून खुशाल झोपणार आहेत.

दुकानदार मला एकेक यंत्र काढून दाखवत होता आणि मी बघते आहे असं दाखवत होते. हे नुसतं दिवा लावतं. हे आकडा दाखवतं, हवेत किती आहे तो. मला एरवी हेच आवडलं असतं. नुसत्या आरडाओरड्यापेक्षा आकड्यावर माझा विश्वास जास्त. पण झोपलेला माणूस आकडा वाचत नाही. हे दोन जोडीने येतात, एक खाली वाजलं की वरचंही वाजतं. हे घेतलं तर आम्हाला कळेल, मी मनात म्हटलं, पण आम्ही दिवसा घरात असतो कुठे? दुपारी या घरात बाबा एकटेच असतात. मी एक खोकं उलटं करून मागची बारीक अक्षरं वाचली, दुसऱ्याची वाचली, तिसऱ्याची. सगळी यंत्रं जवळपास एकाच सुरात ओरडतात. पियानोवर तो सूर अगदी उजव्या टोकाला येतो, जिथे तारा बोटाएवढ्या आखूड असतात आणि आवाजापेक्षा लाकडाची टकटकच जास्त ऐकू येते. मी दुकानदाराला विचारलं की याहून खालच्या सुरातलं काही आहे का. तो म्हणाला, "ताई, लोक किंमत विचारतात, हमी विचारतात. सूर आजवर कोणी विचारला नव्हता." मग तो शिडीवर चढला आणि वरून एक धूळ बसलेलं खोकं काढून त्यावर फुंकर मारून म्हणाला की हे आहे, पण हे बहिऱ्यांसाठी.

तो शब्द काउंटरवर पडून राहिला. बहिरे नाहीत हो ते, मी म्हणाले, आणि माझा आवाज मला लहान मुलीचा वाटला. खरंच नव्हते. मी हळू बोलले तरी त्यांना ऐकू येतं, शेजारच्या खोलीतून ते माझ्या नवऱ्याच्या वाक्यातली चूक काढतात. वय झालं की कान वरून झिजतो, हे मला पुस्तकातून माहीत होतं. बोलणं खालच्या सुरांत असतं, ते शाबूत राहतं. जिना वरून एकेक पायरी तुटत जावी आणि खाली राहणाऱ्याला पत्ताही लागू नये, तसं. मला माहीत होतं, पण ते सगळ्या जगातल्या कानांबद्दल माहीत होतं. बाबांच्या कानाबद्दल नव्हे. आता त्या दुकानात उभ्याउभ्या माझ्या डोक्यात मागचं एकेक सरकू लागलं. माझा नवरा दातांचा डॉक्टर आहे. उन्हाळ्यात बाबांची दाढ त्याने कोरली, आणि खुर्चीतून उठल्यावर बाबांनी त्याच्या यंत्राची तारीफ केली की किती शांत आहे, पूर्वीची किती केकाटायची. नवरा घरी येऊन फुशारून सांगत होता. सासऱ्यांकडून पहिल्यांदाच कौतुक झालं होतं, त्यामुळे त्यालाही सांगायचं सुचलं नाही की यंत्र जुनंच आहे. आणि लंब्या. लंब्या म्हणजे बाबांचा जुना शागीर्द, आता नाट्यगृहाचे पियानो सांभाळतो. त्याचा मध्यंतरी फोन आला होता. इकडचं तिकडचं बोलून तो म्हणाला की संगीतशाळेत मी परवा सहज डोकावलो होतो, वरच्या पट्ट्यांना जरा हात लावला, बाबांना बोलू नकोस. मला वाटलं, शागीर्द गुरूच्या कामावर कुरघोडी करतोय, आणि मी जरा तुटकच बोलले. आता कळलं की बाबा जुळवून गेले की मागून लंब्या जात होता, आणि उजव्या टोकाच्या तारा गुपचूप नीट करून येत होता. संगीतशाळेलाही कदाचित कळलेलं असेल. म्हणजे सगळ्या गावाने मिळून बाबांच्या भोवती लोकर कोंबली होती.

खोकं घेऊन मी बसमध्ये बसले. मांडीवर दोन यंत्रं, एक केकाटणारं, एक खालच्या सुरातलं. दुकानदाराने केकाटणारंही राहू द्या म्हटलं होतं, स्वयंपाकघरात लावा. सरळ मार्ग समोर होता. घरी जायचं, म्हणायचं की शेवटी एक चांगलं मिळालं, बटण दाबायचं, बाबा म्हणतील, हां, हे बोलतंय. मामला खतम. त्यांना गरम खोली मिळेल, आम्हाला झोप, आणि कोणाच्या कानाला धक्का लागणार नाही. मी खरोखरच तसं ठरवलं आणि खिडकीतून बाहेर बघत बसले. बाहेर ऊन पडलं होतं, एका दुकानापुढे एक माणूस आरसा पुसत होता आणि त्याच्यात आख्खी बस वळत होती. मला बरं वाटत होतं, आणि तरी ते बरं वाटणं कुठेतरी टोचत होतं. आमच्या प्रयोगशाळेत लोक वजनं तपासायला पाठवतात. ती आम्ही आमच्या प्रमाण वजनांशी ताडून बघतो, आणि ती प्रमाण वजनं आम्ही आणखी वरच्या प्रयोगशाळेत पाठवतो. ती परत येतात तेव्हा बरोबर एक दाखला येतो, की हे इतकं इतकं कमी भरतं. नव्या मुलींना वाटतं, अरेरे, आपलं प्रमाण चुकीचं निघालं. त्यांना समजावून सांगावं लागतं की न चुकणारं वजन जगात नाही. ज्याची चूक ठाऊक आहे ते वजन चोख, कारण तेवढी मिळवली की झालं. ज्याची चूक कोणी मोजलीच नाही, ते कितीही चकचकीत असो, त्याला कपाटाबाहेर काढायचं नाही. मी हे इतक्यांदा सांगितलंय की बोलताना दुसरा विचार करू शकते. बसमध्ये तेच माझं मला ऐकू येऊ लागलं. आज मी गप्प बसले तर लंब्यासारखी मीही मागून मागून जाणार. यंत्राचं मिटेल. उद्या सायकलची घंटा असेल, उकळणाऱ्या किटलीची शिट्टी असेल. आणि संगीतशाळेत कोणीतरी पोरगं एखाद्या दिवशी तोंडावर बोलेल, ते माझ्यापेक्षा वाईट बोलेल.

बाबा कानटोपी घालून पियानोच्या पोटात डोकं घालून बसले होते. माझी चाहूल लागताच न वळता म्हणाले, "आलं का मापटं?" मी लहान असताना बुटकी होते आणि सगळं मोजायची, म्हणून मापटं. मी म्हटलं, आलं. त्यांनी डोकं बाहेर काढलं, हात पुसले, आणि खाटेवर परीक्षकासारखे बसले. नवरा आज लवकर आला होता. माझ्या मागे दारात येऊन तो उभा राहिला, कारण दुकानात जिंकले की हरले हे त्याला ऐकायचं होतं. माझ्या हाताला आपोआप खालच्या सुराचं खोकं लागलं. ते मी बाजूला ठेवलं आणि जुनं यंत्र काढून दोन्ही हातांत धरलं. बटण दाबलं.

खोली त्या आवाजाने भरली. दगड मारून काच फुटावी आणि फुटतच राहावी तसा आवाज. दारात नवऱ्याने दोन्ही कानांवर हात घेतले.

"दाब की," बाबा म्हणाले.

"वाजतंय, बाबा."

ते माझ्याकडे बघत राहिले. माझ्या अंगठ्याकडे बघितलं. मग दारात जावयाकडे. नवऱ्याने हळूच हात खाली घेतले, पण उशीर झाला होता, आणि त्याचा चेहरा अजून कळवळलेलाच होता. बाबा उठले. त्यांनी दोन बोटं यंत्राच्या पाठीवर टेकवली, तारेवर टेकवतात तशी, आणि तिथे ती थरथर त्यांना सापडली. माझा अंगठा दुखायला लागला, मी तो काढला. थरथर थांबली तशी बाबांनी लगेच बोटं उचलली.

मला वाटत होतं की आता ते चिडतील, किंवा त्याहून वाईट, शांत होतील. ते पियानोपाशी गेले आणि अगदी उजव्या टोकाची पट्टी दाबली. पट्टीकडे त्यांचं लक्षच नव्हतं. ते माझं तोंड बघत होते. मी मान हलवली, आहे. शेजारची पट्टी. आहे. आम्ही असे एकेक पट्टी खाली उतरत आलो. ते दाबायचे, मी मान हलवायची, आणि त्यांच्या चेहऱ्यावर काही नाही. मला फक्त लाकूड ऐकू येतंय, ते मध्येच म्हणाले, आणि तेही आश्चर्याने म्हणाले, तक्रारीने नव्हे. आणखी एक. आणखी एक. मग एका पट्टीशी त्यांच्या भुवया किंचित उचलल्या. त्यांनी तीच पुन्हा दाबली. एक पट्टी खाली गेले, पुन्हा वर आले, आणि तिच्यावर बोट ठेवून ते म्हणाले, "इथून खाली मी आहे."

बोट काढून त्यांनी उजवीकडे मोकळ्या पडलेल्या पट्ट्यांकडे बघितलं, मग डावीकडे पसरलेल्या बाकीच्या पट्ट्यांकडे, आणि बराच वेळ डावीकडेच बघत राहिले, वाटणीत काय काय आलं ते बघावं तसे. एवढंच गेलंय होय, ते म्हणाले. त्यांना बरंच काही सुचत गेलं मग. रस्त्याला उगाच शिव्या दिल्या, ते म्हणाले. दाढ कोरताना ते यंत्र वाजत होतं का, त्यांनी जावयाला विचारलं. त्याने कबूल केलं की वाजत होतं, केकाटत होतं. मग माझी तारीफ परत दे, बाबा म्हणाले. सगळ्यात शेवटी त्यांना लंब्या आठवला. संगीतशाळेच्या वरच्या पट्ट्यांची कोणी इतके दिवस तक्रार कशी केली नाही, असं ते स्वतःशीच म्हणाले, आणि माझ्याकडे बघितलं, आणि माझ्या तोंडावरून त्यांना उत्तर मिळालं. त्यांनी तिथूनच लंब्याला फोन लावला. मला वाटलं, आता त्याची खैर नाही. बाबा म्हणाले की गाढवा, चोरासारखा मागून काय येतोस, उद्यापासून बरोबरच ये. वरचं टोक तुझं, बाकी माझं. आणि तू वरचं फार ताणून ठेवतोस, ते खालून मला कळतं, तेव्हा जास्त शहाणपणा नको. पलीकडून लंब्या काय म्हणाला ते मला ऐकू आलं नाही. नवरा स्टुलावर चढून झरोक्यातली लोकर उपटत होता. थंड हवेची एक पट्टी खोलीत आली, आणि या वेळी बाबांनी तिला अडवलं नाही.

मग मी दुसरं खोकं उघडलं. बटण दाबलं, आणि ते भरदार, जाड आवाजात, बोटीच्या भोंग्यासारखं वाजलं. बाबांची मान झटक्यात वळली. मला इतकं हलकं वाटलं की मी अंगठा काढायचीच विसरले. बाबा पुढे आले, कान तिरका केला, आणि त्यांच्या कपाळावर ती आठी उमटली जी मी जन्मभर बघत आले आहे.

"उतरलंय," ते म्हणाले.

मी म्हटलं, काय उतरलंय? त्यांनी पियानोवर मधल्या 'सी' सुराच्या वरचा सी दाबला आणि यंत्राकडे बोट दाखवलं. हा धरायला गेलेत आणि खालीच राहिलेत, केसभर. मला दोन्ही सारखेच वाटत होते. मी खोकं उचलून मागची बारीक अक्षरं वाचली. सेकंदाला पाचशे वीस कंपनं. तो सी पाचशे तेवीसचा असतो. मी बाबांकडे बघितलं. त्यांनी विचारलंही नाही, बरोबर आहे ना म्हणून.

"परत कर," ते म्हणाले.

मी म्हटलं, आता मी त्या दुकानात पाऊल ठेवणार नाही, काय सांगू त्याला? त्यांनी सांगितलं की बेसूर आहे म्हणून सांग, त्यात लाजण्यासारखं काय आहे, ते खरंच आहे. मी ड्रिल आणि पेन्सिल घेऊन खाटेशेजारच्या भिंतीवर, उशीला डोकं टेकतं तिथून जरा वर, खूण करायला लागले. ते मागे येऊन उभे राहिले.

"असल्या बेसुऱ्या हाकेला मी उठणार नाही. सांगून ठेवतो."

"बाबा, बेसूर ऐकून तुम्ही आयुष्यात कधी झोपून राहिलायत?"

त्यांनी यावर प्रामाणिकपणे विचार केला. मग माझ्या हातातून पेन्सिल घेतली, माझी खूण खोडली, आणि बोटभर अलीकडे, आपल्या उशीच्या जवळ, नवी खूण केली.